सॉफ्टबॉल : पंचांनी डावी मूठ धरली, तरी लेक आऊट कशी?

वेणीफणी
मंडळी, इथे क्रिकेट सोडून बाकी खेळांचे धागे फारसे चालत नाहीत हे माहीत आहे, तरी काढतेय. लेक नववीत आहे, शाळेच्या सॉफ्टबॉल संघात. गेल्या आठवड्यात विभागीय स्पर्धा होती, १७ वर्षांखालील मुली. शेवटची इनिंग, आम्ही एका रनने मागे (फर्स्ट, सेकंड, थर्ड हे बेस शिवून होमला परत आलं की एक रन), एक आऊट, बेसवर कोणी नाही. लेकीने सेंटर आणि राइट फील्डरच्या मधून छान चेंडू काढला. फर्स्टवरून वळताना त्यांची फर्स्ट बेसवाली मुलगी बेसच्या आतल्या कोपऱ्यावर उभी, तोंड चेंडूकडे. धडक झाली. लेक हात टेकून सावरली, सेकंडला पोहोचली. तेवढ्यात आऊटफिल्डमधून आलेला थ्रो शॉर्ट स्टॉपच्या डोक्यावरून गेला, म्हणून ती थर्डला निघाली. मागे त्यांची पिचर उभी होती, तिने तो अडवून थर्डला फेकला. लेक टॅग होऊन, म्हणजे बेसला पोहोचण्याआधी चेंडू हातात घेतलेल्या मुलीने शिवल्यामुळे, आऊट.

आता मुद्दा. धडक झाली तेव्हा मैदानातल्या पंचांनी डावा हात बाजूला आडवा करून मूठ धरली होती. आमचे सर म्हणाले, 'ऑब्स्ट्रक्शन दिलंय ताई, काळजी नको.' मग थर्डला आऊट कशी? सर विचारायला गेले तर पंच म्हणाले, 'सेकंडपर्यंतच.' पुढची बॅटर आऊट झाली, सामना गेला. लेक त्या रात्री जेवली नाही.

मला भांडायचं नाहीये. पण अडथळा आणला त्यांच्या मुलीने आणि आऊट झाली आमची, हे गणित मला कोणी उकलून सांगेल का?

चौकार_षटकार
ऑब्स्ट्रक्शन म्हणजे इंझमाम २००६ मध्ये पेशावरला आपल्याविरुद्ध आऊट झाला होता तेच ना? थ्रो बॅटने अडवला होता त्याने. मोहिंदर अमरनाथही १९८९ मध्ये अहमदाबादला श्रीलंकेविरुद्ध असाच गेला होता. म्हणजे अडवणारा आऊट होतो. इथे फील्डरने अडवलं तर फील्डरला काय करणार, घरी पाठवणार?

निळी_टोपी
ताई, मी बारा-तेरा वर्षं शालेय आणि जिल्हा सामन्यांत पंचगिरी करतोय. तुमच्या सामन्यात नव्हतो, त्यामुळे त्या निर्णयाबद्दल हातचं राखून बोलतो.

आधी चौकारसाहेबांचा घोळ. क्रिकेटमध्ये ऑब्स्ट्रक्शन हा बॅटरचा गुन्हा. सॉफ्टबॉलमध्ये नेमकं उलटं. बचाव करणाऱ्या संघाने रनरला अडवलं तर ऑब्स्ट्रक्शन, आणि रनरने किंवा बॅटरने फील्डरला अडवलं तर इंटरफिअरन्स. इंटरफिअरन्सला आऊट मिळतो. ऑब्स्ट्रक्शनला कोणी आऊट होत नाही, कोणाला ठरावीक दंडही नाही. सगळी गोम इथेच आहे.

फील्डरच्या हातात चेंडू नाही, ती मारलेला चेंडू उचलण्याच्या प्रयत्नातही नाही, आणि तिच्यामुळे रनरचं पळणं खोळंबलं, की झालं ऑब्स्ट्रक्शन. मुद्दाम केलं का, हे बघायचं नाही. अंगाला अंग लागायलाच हवं असंही नाही. रनरला वळसा घ्यावा लागला, पाऊल आखडावं लागलं, तरी पुरे.

मग पंच ती डावी मूठ धरतो. तिला डिलेड डेड बॉल म्हणतात. अर्थ असा की, 'मी पाहिलंय, पण खेळ चालू द्या.' उजवी मूठ आऊटची. पालक दोन्हीत गल्लत करतात आणि मग मांडवातून शिव्या येतात. खेळ लगेच का थांबवत नाही? कारण थांबवला तर बॅटिंगवाल्यांचंच नुकसान. समजा चेंडू हुकून मैदानाबाहेर चालला आहे आणि मी शिट्टी फुंकली, तर दोन रन बुडाले. फुटबॉलचा रेफरी ॲडव्हान्टेज देतो, तसंच.

आता पंचाच्या डोक्यात काय चालतं ते. मूठ धरली त्या क्षणी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो : ही फील्डर तिथे नसतीच, तर ही मुलगी कुठल्या बेसपर्यंत पोहोचली असती? तो बेस म्हणजे तिचं संरक्षण. त्याच्या अलीकडे ती टॅग झाली तर चेंडू डेड करून मी तिला तो बेस देतो. आणखी एक, जिथे अडवली त्या दोन बेसच्या मध्ये तिला आऊट करता येत नाही. ती गोंधळून फर्स्टला परत फिरली असती आणि टॅग झाली असती, तरी वाचली असती. पण संरक्षित बेस ओलांडून ती स्वतःच्या जबाबदारीवर पुढे गेली आणि टॅग झाली, तर आऊट. तुमच्या लेकीचं हेच झालं.

म्हणजे नियम बरोबर लागला. अंदाज बरोबर होता का, हा वेगळा प्रश्न.

वेणीफणी
दादा, इतकं स्पष्ट आमच्या सरांनीही सांगितलं नव्हतं. पण मग तो अंदाजच चुकीचा असेल तर? ती हात टेकून पडली होती हो. न पडती तर थर्डला आधी पोहोचली नसती का?

फक्कीवाला
मी क्रीडा शिक्षक, विदर्भातला. मैदान आखण्यापासून, म्हणजे फक्की मारण्यापासून, मुलींना घरी सोडण्यापर्यंत सगळं एकहाती. ताई, व्हिडिओ आहे का? दोन गोष्टी बघा. धडकेत किती पावलं गेली आणि थर्डला किती फरकाने आऊट झाली.

वेणीफणी
व्हिडिओ तिच्या बाबांनी काढलाय, त्यात अर्धा वेळ त्यांचा अंगठा आहे. पण दिसतंय. धडकेत तिची दोन-तीन पावलं तरी गेली. थर्डला टॅग लागला तेव्हा तिचा पाय बेसपासून एका पावलावर.

फक्कीवाला
मग माझ्या हिशेबाने थर्ड द्यायला हवा होता. नुकसान तीन पावलांचं, आऊट एका पावलाने. बेस-बेसमधलं अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. त्या वयाच्या मुलीला तेवढ्यात तीन पावलं म्हणजे फार झालं.

निळी_टोपी
सर, इतकं सरळ नाही ते. धडक झाली तेव्हा तो थ्रो अजून हातातून सुटायचा होता. त्या क्षणी पंचाला काय दिसलं? चांगला मारलेला, पण फील्डरच्या आवाक्यातला चेंडू. साधा डबल, म्हणजे सेकंडपर्यंत पोहोचवणारा फटका. त्याने मनात 'सेकंड' ठरवलं. थ्रो चुकला तो नंतर. चुकलेल्या थ्रोवर पुढे जायचं हा रनरचा नवा निर्णय, नवा धोका. तो पंचाच्या खात्यावर कसा टाकता?

फक्कीवाला
नियमाचे शब्द काय आहेत? अडथळा नसता तर जिथे पोहोचली असती तो बेस. 'अडथळ्याच्या क्षणी जिथे पोहोचेल असं वाटलं तो बेस' असं नाही लिहिलेलं. अडथळा नसता तर थ्रो डोक्यावरून गेला तेव्हा ती सेकंडच्या अलीकडे धापा टाकत नसती, सेकंड ओलांडून तीन पावलं पुढे असती. मग पिचरने कितीही चपळाईने फेकला असता तरी सेफ होती.

निळी_टोपी
आणि अडथळा नसता तर फील्डरने घाईत थ्रो चुकवलाच नसता, असंही म्हणता येईल. रनर पडलेली बघून तिला वाटलं आता सेकंडला मिळेल, म्हणून जोर लावला. 'असती तर'ची पतंग किती उडवायची?

एक कबूल करतो. आम्हा पंचांतच याबाबत दोन तट आहेत. काही जण त्या क्षणी ठरवतात आणि मग हलत नाहीत. काही जण मनात बेस ठरवतात, पण खेळ संपेपर्यंत दार किलकिलं ठेवतात. मी पूर्वी पहिल्या तटात होतो. एकदा अशाच एका सामन्यात अर्ध्या पावलाने आऊट दिला, घरी आल्यावर झोप लागली नाही. तेव्हापासून आऊटचा फरक आणि गेलेली पावलं ताडून बघतो. पण ज्याने सेकंडवरच ठरवलं, त्याने नियम मोडला असं मी म्हणणार नाही.

कोपऱ्यातला_प्रेक्षक
+१. पण मुळात बहुतेक ठिकाणी पंच बघतच नाहीत. सगळ्यांचे डोळे चेंडूवर. तुमच्या पंचाने मूठ तरी धरली, नशीब समजा.

निळी_टोपी
हे बोचतं, पण खोटं नाही. शालेय सामन्यांत पंच दोनच असतात, एक होम प्लेटमागे आणि एक बेसवर. चेंडू आऊटफिल्डला गेला की बेसवरच्याने डायमंडच्या, म्हणजे चार बेसमधल्या चौकोनाच्या, आत धावत यायचं, वळायचं आणि बॅटर-रनर (फटका मारून धावणारी) फर्स्टला टच करते का ते बघायचं. चेंडूकडे ओझरती नजर, बाकी लक्ष रनरवर. शिकवतात असंच. पण सुंदर फटका बसल्यावर मान आपसूक चेंडूकडे वळते. आपण सगळे लहानपणापासून क्रिकेट बघून वाढलोय, चेंडूवरून नजर हटवणं हा आपला धर्मच नाही.

ओक_आणि_मेपल
अमेरिकेतून नमस्कार. दोन मुली इथे क्लब सॉफ्टबॉल खेळतात, माझे सगळे शनिवार-रविवार घडीच्या खुर्चीत जातात. वेणीफणीताई, ज्यांना वाटतं की ऑब्स्ट्रक्शन म्हणजे पोरासोरांच्या खेळातली बारीकसारीक बाब, त्यांनी २०१३ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, तिसरा सामना शोधून बघावा. बेसबॉल आहे, पण गोष्ट तीच.

सेंट लुईस, नववी इनिंग, यजमान कार्डिनल्स आणि बोस्टन ४-४. बोस्टनच्या कॅचरने होमवर एक रनर आऊट केला आणि थर्डला थ्रो मारला. तो भरकटला. थर्ड बेसमन विल मिडलब्रुक्स तो पकडायला झेपावला आणि जमिनीवर पालथा पडला. रनर ॲलन क्रेग होमकडे निघाला तो त्याच्या अंगावर अडखळून आपटला. थर्डवरचे अंपायर जिम जॉइस यांनी तिथल्या तिथे ऑब्स्ट्रक्शन दाखवलं. क्रेग उठला, लंगडत पळाला. होमवर चेंडू त्याच्या आधी आला, टॅगही झाला. प्लेट अंपायर डेना डिमुथ यांनी थर्डकडे बोट दाखवून सेफ दिला. कार्डिनल्स ५-४ ने जिंकले, वर्ल्ड सिरीजचा सामना ऑब्स्ट्रक्शनवर संपला.

बोस्टनवाले ओरडत होते की बिचारा पडला होता, तो काय करणार, कुठे जाणार? नियमाला त्याच्याशी देणंघेणं नाही. (पुढे सिरीज बोस्टननेच ४-२ ने जिंकली, म्हणून जखम भरली असावी.)

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. बेसबॉलमध्ये ज्या रनरवर प्ले चालू आहे त्यालाच अडवलं तर चेंडू लगेच डेड होतो आणि त्याला निदान एक बेस पुढे मिळतोच. सॉफ्टबॉलमध्ये असा हक्काचा बेस नाही. परत फिरणाऱ्या रनरला अडवलं, तर पंच तिला आधीचाच बेस देऊ शकतो. इथेही बेसबॉल खेळलेले वडील मैदानावर येऊन 'एक बेस तर मिळतोच' म्हणून भांडतात.

चौकार_षटकार
वा, हे मस्त होतं. जाता जाता, आपल्याकडे २०१५ ला मीरपूरमध्ये धोनी आणि मुस्तफिझुरची टक्कर झाली होती. त्यात दोघांनाही दंड झाला. धोनीला ७५ टक्के मॅच फी, मुस्तफिझुरला ५० टक्के. तिथे रन घेणाऱ्याने वाट बदलायची की बोलरने, यावर आमच्या चाळीत तीन दिवस वाद.

निळी_टोपी
सॉफ्टबॉलमध्ये त्याचं उत्तर आहे. हातात चेंडू नाही, मारलेला चेंडू उचलत नाही, तर वाट फील्डरने सोडायची. आणि वाट म्हणजे चुन्याची रेघ नव्हे. रनर आपला मार्ग आपण निवडते. तीन फुटांचा जो नियम सगळ्यांना पाठ असतो तो टॅग चुकवताना लागतो, एरवी नाही. 'ती लाइनच्या बाहेरून पळत होती' हे कारण देऊन अडवणाऱ्या फील्डरची सुटका होत नाही.

मात्र ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून आलेला चेंडू, उचलायला शॉर्ट स्टॉप रस्त्यात आली असेल तर हक्क तिचा. तेव्हा रनरने वळसा घालायचा. धडकली तर इंटरफिअरन्स, रनर आऊट.

फक्कीवाला
कॅचरचं राहिलंच की. खरी हाणामारी होम प्लेटवर होते. आमच्या पिढीतल्या कोचनी शिकवलं की 'प्लेट झाक, बस खाली, येऊ दे तिला अंगावर.' त्या काळी त्याला आधारही होता, कारण चेंडू येण्याच्या बेतात असेल तर फील्डरला सवलत मिळायची. आता ती सवलत काढून टाकली आहे. चेंडू ताब्यात हवा. तीन फुटांवर आलेला चालत नाही, हातमोज्यात हवा. आमचे निम्मे सर लोक अजून जुन्या पाटीवर आहेत. गेल्या वर्षी एका सामन्यात कॅचर चेंडूविना प्लेटवर बसकण मारून बसली, रनर थबकली, मग चेंडू आला, टॅग केला. पंचाने रन दिला तर समोरचे सर मैदानात आले, 'आमची पोर तिच्या जागेवर बसली होती, तुम्ही रन कसा देता?' तिची जागा! प्लेट काय सातबाऱ्यावर चढवली होती का तिच्या?

उलट बाजूही सांगतो. चेंडू हातात घेऊन कॅचर उभी आहे आणि रनर सरळ उभ्याने तिच्यावर आदळली, तर रनर आऊट. मुद्दाम, जोरात असेल तर सामन्यातून बाहेर. मुलींना स्लाइड शिकवा. मुरमाच्या मैदानावर स्लाइड म्हणजे ढोपरं सोलून निघणं, हे मलाही कळतं. पण आदळण्यापेक्षा बरं.

आट्यापाट्यावाली
माझ्यासारखीला हे वाचून हसू येतंय. आमच्या खेळात वाट अडवणं हाच खेळ! पाटी धरली की समोरचीला जाऊ द्यायचं नाही. आणि तुमच्याकडे नुसतं उभं राहिलं तरी गुन्हा. अवांतराबद्दल क्षमस्व.

कोपऱ्यातला_प्रेक्षक
चेंडू नसताना टॅग केल्याचं नाटक केलं तर? आमच्या कॉलेजात एक पठ्ठ्या होता, रिकामा ग्लव्ह रनरच्या पायाशी आपटायचा. रनर घाबरून स्लाइड मारायचा आणि चेंडू तिकडे लेफ्ट फील्डमध्ये.

निळी_टोपी
फेक टॅग. तेही ऑब्स्ट्रक्शनच. स्पर्श झाला नसला तरी रनरला थांबवलं ना? क्रिकेटनेही २०१७ मध्ये फेक फील्डिंगचा नियम आणला. खोटा थ्रो करून बॅटरला फसवलं तर ५ पेनल्टी रन. २०२२ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये ॲडलेडला बांगलादेशने कोहलीवर हाच आरोप केला होता. अंपायरनी काही दिलं नव्हतं. क्रिकेटमध्ये सरसकट ५ रन, आमच्याकडे मात्र पुन्हा तेच, 'नाटक केलं नसतं तर कुठे पोहोचला असता?'

वेणीफणी
आमच्या सरांना प्रोटेस्ट करता आला असता का? तिथे एक जण म्हणत होते की फी भरून प्रोटेस्ट टाका.

निळी_टोपी
नियम चुकीचा लावला असेल तर प्रोटेस्ट होतो. अंदाजावर होत नाही. म्हणजे पंच म्हणाला असता की 'ऑब्स्ट्रक्शन झालं, पण फर्स्ट आणि सेकंडच्या मध्ये टॅग झाली म्हणून आऊट', तर सरांनी पुढचा चेंडू पडण्याआधी प्रोटेस्ट टाकायला हवा होता, आणि तो टिकला असता. 'सेकंडपर्यंतच पोहोचली असती' हा अंदाज आहे. त्यावर कोणी काही करू शकत नाही. आवाज न चढवता विचारता येतं, 'सर, संरक्षित बेस कोणता धरलात आणि का?' चांगला पंच सांगतो. आणि असं विचारणारा कोच पुढच्या वेळी लक्षात राहतो, चांगल्या अर्थाने.

ओक_आणि_मेपल
ताई, एक कुतूहल. फर्स्टला डबल बेस होता का? पांढरा आणि त्याला लागून फाउल बाजूला, म्हणजे रेषेबाहेर, नारिंगी?

वेणीफणी
कसला नारिंगी! गोणपाटात वाळू भरून शिवलेले बेस होते, खिळ्याने ठोकलेले. तिसऱ्या इनिंगला फर्स्टचा खिळा निघाला तर बेस फूटभर सरकला होता, पीटीच्या सरांनी पायाने ढकलून जागेवर आणला.

फक्कीवाला
घरोघरी मातीच्या चुली. तसाही नारिंगी बेस इथे कामाचा नव्हता ओक मॅडम. फर्स्टलाच प्ले असेल तेव्हा बॅटर-रनर नारिंगीवर जाते. डबलसाठी वळणारी पांढऱ्याचा आतला कोपराच धरणार. तिथेच ती पोरगी उभी.

ताई, लेक कुठल्या पोझिशनला खेळते?

वेणीफणी
फर्स्ट बेस.

फक्कीवाला
मग तो व्हिडिओ पुन्हा एकदा बघा. या वेळी तुमच्या फील्डिंगच्या इनिंगचा. समोरच्यांनी लांब मारला की ती कुठे उभी असते ते बघा.

वेणीफणी
सर, आत्ता बघितला. तिलाही दाखवला. चौथ्या इनिंगला त्यांच्या मुलीने लेफ्टला मारला तेव्हा आमच्या बाईसाहेब बेसच्या आतल्या कोपऱ्यावर, कमरेवर हात, चेंडूकडे बघत. रनर चक्क वळसा घालून गेली आहे. पंचांनी तेव्हा मूठही धरलेली नाही. लेक म्हणाली, 'आई, हे कुठे टाकू नकोस.'

निळी_टोपी
हा हा. तिला सांगा, लांब फटका बसला की बेस सोडून आत, पिचरच्या बाजूला चार पावलं यायचं. रनर वळताना बाहेरून फुगवटा घेते, आतली बाजू मोकळी असते. आणि चेंडूकडे बघायचं नाही, रनरच्या पायाकडे बघायचं. बेसला पाय लागला नाही असं दिसलं तर अपील करता येतं, आऊट मिळतो. उभी राहून चेंडू बघण्यापेक्षा ते बरं नाही का?

वेणीफणी
सांगितलं. म्हणते, 'अपील म्हणजे काय ते आधी सांग.' त्यासाठी उद्या वेगळा धागा काढते. आज जेवली मात्र पोटभर, दोन वाट्या शिकरण जास्तीची.